खेळण्यातली वाघीण आणि जोशुआ लायनल कोवेन

काटोल स्टेशनवरून कोळशाची मालगाडी जाते तेव्हा तिचे वरून उघडे लोखंडी डबे तुम्ही पाहिले असतील. रेल्वेच्या भाषेत ही बॉक्सएन वॅगन. जुनी माणसं वॅगनला वाघीण म्हणायची, आणि मला तोच शब्द जास्त आवडतो. लांबी पावणेअकरा मीटरच्या आसपास. हीच वाघीण एचओ मापात, म्हणजे ८७ पट लहान करून बनवली तर जेमतेम सव्वाबारा सेंटिमीटर भरते. तुमच्या मोबाईलपेक्षा आखूड! तरी तिच्यावर रिव्हेट, दाराच्या कड्या, ब्रेकचे पाइप, नंबर, सगळं हवं असा हट्ट धरणारे लोक जगभर आहेत. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे, तिथे या वेडाची कल्पना येते.

हे वेड अमेरिकेत घराघरात नेणाऱ्या माणसाची सुरुवातसुद्धा एका उघड्या वाघिणीपासूनच झाली. जोशुआ लायनल कोवेन, जन्म २५ ऑगस्ट १८७७, न्यूयॉर्क. स्थलांतरित ज्यू कुटुंबातल्या नऊ भावंडांपैकी आठवा. कॉलेजात गेला, डिग्री घेतली नाही. लहानपणी लाकडी इंजिनात खरं वाफेचं यंत्र बसवायला गेलो आणि स्फोट झाला, असं तो पुढे सांगत असे. पण गोष्टी रंगवून सांगण्यात गडी पटाईत होता, तेव्हा किती खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा.

पेटंट मात्र खरं आहे. फोटोग्राफरची फ्लॅश पावडर बॅटरीच्या मदतीने पेटवायचं साधन त्यानं १८९९ मध्ये पेटंट केलं. त्यातून अमेरिकी नौदलाची सुरुंगांच्या फ्यूजची ऑर्डर मिळाली आणि हातात पैसा आला. १९०० मध्ये हॅरी ग्रँटला सोबत घेऊन त्यानं लायनल कंपनी काढली. काय विकायचं हे अजून नक्की नव्हतं.

१९०१ मध्ये त्यानं एका खेळण्यांच्या दुकानदाराला शोकेससाठी एक फिरती वस्तू बनवून दिली. लाकडी उघडी वाघीण, तिच्याखाली छोट्या पंख्याची मोटर, बॅटरीवर चालणारी, गोल रुळांवर फिरणारी. नाव इलेक्ट्रिक एक्सप्रेस. कल्पना अशी, की वाघिणीत माल भरून ती फिरवायची, म्हणजे लोक थांबून माल बघतील. लोक थांबले, पण त्यांना वाघीणच विकत हवी होती! कोवेननं जाहिरातीचा विचार सोडला आणि ट्रेन बनवायला लागला.

१९०६ मध्ये त्यानं तीन रुळांची पद्धत आणली. ही जरा समजून घेऊ. दोनच रूळ असले, तर एकातून करंट जातो आणि दुसऱ्यातून परततो. आता रूळ वळवून त्याच मार्गाला परत जोडले, तर जाणारा रूळ परतणाऱ्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. कोवेनच्या पद्धतीत करंट मधल्या रुळातून येतो आणि बाहेरच्या दोन्ही रुळांतून परततो. मग पोरांनी ट्रॅक कसाही वाकवून जोडला तरी फ्यूज उडत नाही. फक्त खऱ्या रेल्वेला असा मधला रूळ नसतो, त्यामुळे हुबेहूबपणाचे भक्त आजही लायनलवर नाक मुरडतात.

कोवेनला हुबेहूबपणा जमत नव्हता असं नाही. १९३७ मध्ये कंपनीनं न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेचं हडसन इंजिन बरोबर ४८ पट लहान करून काढलं. किंमत ७५ डॉलर, म्हणजे त्या काळी भरमसाट. १९४० मध्ये तशाच बारकाव्याच्या वाघिणीही आल्या. लगेच युद्ध आलं, धातूची खेळणी बंद झाली, आणि १९४३ मध्ये लायनलनं चक्क पुठ्ठ्याची मालगाडी विकली. घडी घालून जोडायची. ती जोडताना बऱ्याच बापांचा घाम निघाला म्हणतात.

मापाची तडजोड आपल्याकडेही आहे बरं का. आपल्या ब्रॉडगेज रुळांमधलं अंतर १६७६ मिमी. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिमीच्या वर येतं. बाजारात मिळणारा एचओ ट्रॅक मात्र १६.५ मिमीचा. त्यामुळे त्यावर धावणारी भारतीय वाघीण समोरून पाहिली की चाकं किंचित आत गेल्यासारखी दिसतात.

युद्धानंतर कोवेनचे सुवर्णदिवस आले. १९४६ मध्ये रेडिओ लहरींनी चालणारा सेट आला. बटण दाबलं की हवा तो डबा सुटायचा, तेही ट्रान्झिस्टर येण्याआधी! १९४७ ची दुधाची वाघीण तर तुफान खपली. दार उघडून एक बाहुला छोटे कॅन बाहेर ढकलायचा.

मग गिऱ्हाईक बदललं. पोरांना मोटारी, विमानं, रॉकेट हवी होती. घरं लहान, म्हणून स्वस्त आणि छोटा एचओ लोकांना परवडू लागला. लायनल त्यात उशिरा उतरली. १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाची मालगाडी काढली, ती दुकानात पडून राहिली. मुलींना ट्रेन हवीच असेल तर ती खऱ्यासारखी काळी हवी असेल, हे शोकेसबाहेरची गर्दी वाचणाऱ्या माणसाच्या कंपनीला सुचू नये, याचं मला नवल वाटतं.

१९५९ मध्ये कोवेननं आपला हिस्सा विकला. घेणाऱ्या गटाचा म्होरक्या त्याच्याच नात्यातला वकील रॉय कोन होता. ८ सप्टेंबर १९६५ ला फ्लोरिडात पाम बीचला कोवेन वारला. कंपनीचे मालक नंतर बरेच बदलले. आज लायनलच्या गाड्या ब्लूटूथनं मोबाईलवरून चालवता येतात. कंपनीच्या ओ गेजच्या ट्रॅकमध्ये मधला रूळ अजून आहे.