पंडिता रमाबाई : पुण्यसंचयाकडून कृपेकडे

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले होते. आईकडूनच रमाबाईंना विद्येचा वारसा मिळाला. तीर्थयात्रा करीत आणि पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरे. व्रते, उपवास व दानधर्म यांनी पुण्य जोडावे आणि त्याच्या बळावर मोक्ष मिळवावा, अशी त्यांची श्रद्धा होती. गाठीचा पैसा दानात संपला. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालअपेष्टांत आईवडील व थोरली बहीण यांचा अंत झाला.

पुढे भाऊ श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. मात्र दोनच वर्षांनी भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचेही निधन झाले. लहानग्या मनोरमेस घेऊन त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या व तेथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही त्यांच्या मनाला स्वस्थता लाभली नाही. धर्म बदलला, पण आपल्या प्रयत्नांनी देवास पात्र ठरण्याची जुनी धडपड सुटली नव्हती. सुमारे १८९१ मध्ये, बायबलच्या अभ्यासातून, त्यांना एक गोष्ट उमगली. ख्रिस्ती शिकवणीनुसार तारण हे सत्कृत्यांचे वेतन नव्हे. ते देवाचे दान असून विश्वासाने स्वीकारायचे असते. पुण्याचा हिशेब पुरा करता करता ज्यांचे घर उद्ध्वस्त झाले, त्या रमाबाईंना या विचाराने मोठी शांती दिली.

मात्र या श्रद्धेची किंमतही त्यांना मोजावी लागली. विधवांसाठी १८८९ साली मुंबईत काढलेले 'शारदा सदन' नंतर पुण्यास आले होते. तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आक्षेप निघाला. १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुलींना घरी नेले.

रमाबाई खचल्या नाहीत. कृपा फुकट मिळते म्हणून माणसाने स्वस्थ बसावे, असा अर्थ त्यांनी घेतला नाही. जे विनामूल्य मिळाले, ते विनाअट वाटावे, असे त्यांचे जीवन सांगते. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो निराधार स्त्रिया व मुली पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे 'मुक्ति सदना'त आणल्या. अंध, वृद्ध, आजारी, कोणत्याही जातीची स्त्री तेथे सामावली. समाजाने पतित ठरवून दूर लोटलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' निघाले. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकून या स्त्रिया स्वावलंबी झाल्या.

अखेरची अनेक वर्षे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात वेचली. सामान्य स्त्रीलाही ते वाचता यावे, ही त्यांची इच्छा होती. १९२१ साली मनोरमेचे निधन झाले, तरी त्यांनी हे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली.