विश्लेषण : बाप नोकरीत, तरी मुले गरीब? ब्रिटनला हे आकडे दाखवणारे ब्रायन एबल-स्मिथ कोण होते?

कल्याणकारी राज्य आले, आता गरिबी संपली, अशी १९६० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अनेकांची समजूत होती. अर्थतज्ज्ञ ब्रायन एबल-स्मिथ (१९२६-१९९६) यांनी सरकारचेच आकडे मांडून ती खोडून काढली.

सुरुवात आरोग्याच्या हिशेबापासून…

केम्ब्रिजमध्ये अर्थशास्त्र शिकलेल्या एबल-स्मिथ यांनी आधी तपासला तो सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे ‘एनएचएस’चा खर्च. हा खर्च हाताबाहेर गेल्याची ओरड होती. रिचर्ड टिटमस यांच्यासह त्यांनी केलेला अभ्यास १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. राष्ट्रीय उत्पन्नातील या खर्चाचा वाटा १९४९-५० मधील ३.७५ टक्क्यांवरून १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांवर घसरला होता. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ते दीर्घकाळ प्राध्यापक होते.

१९६५ च्या अहवालात काय होते?

पीटर टाऊनसेंड यांच्यासह त्यांनी ‘द पूअर अँड द पूअरेस्ट’ लिहिले. सरकारी मदतीचा मूळ दर अधिक ४० टक्के, ही त्यांची रेषा. १९६० मध्ये सुमारे ७५ लाख लोक, म्हणजे १४.२ टक्के, या रेषेखाली होते. त्यांत मुले होती साडेबावीस लाख. अनेक घरांत कर्ता पुरुष पूर्णवेळ कामावर होता; पण पगार तुटपुंजा आणि खाणारी तोंडे जास्त. पूर्णवेळ काम करणाऱ्याला ही मदत मिळतच नसे. त्याच वर्षी ‘चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप’ ही संघटना उभी राहिली.

पैसा आईच्या हाती कसा आला?

तेव्हा कौटुंबिक भत्ता दुसऱ्या मुलापासून मिळे. मुलांसाठीच्या करसवलतीचा फायदा कर भरणाऱ्यालाच होई; ज्यांचे उत्पन्न करपात्रच नव्हते, त्यांच्या हाती काही पडत नसे. या दोन्हींच्या जागी ‘चाइल्ड बेनिफिट’ आणणारा कायदा १९७५ मध्ये झाला. तेव्हा एबल-स्मिथ मंत्री बार्बरा कॅसल यांचे सल्लागार होते. पुरुषांच्या पगाराचे पाकीट हलके होईल, या धास्तीने १९७६ मध्ये मंत्रिमंडळाने योजना लांबणीवर टाकली. मंत्रिमंडळाची कागदपत्रे फुटल्यावर गदारोळ झाला आणि १९७७ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. पहिल्या मुलापासून, साधारणपणे थेट आईच्या हाती.

ब्रिटनबाहेरचे काम

मॉरिशसमधील लोकसंख्यावाढ आणि सामाजिक धोरण, टांगानिकाची आरोग्यव्यवस्था यांचाही त्यांनी अभ्यास केला. आरोग्यखर्चाची देशोदेशी तुलना करण्याचे काम त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी केले.

त्यांची पद्धत साधी होती : आकडे सरकारचेच घ्यायचे, पण एका घरात तोंडे किती आणि पैसा कोणाच्या हाती, हे आधी विचारायचे.