आठव्या हेन्रीला हिशेब दाखवून केंब्रिज वाचवणारा मॅथ्यू पार्कर

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री म्हटलं की सगळ्यात आधी आठवतात त्याच्या सहा बायका. त्यातल्या दोघींचा त्याने शिरच्छेद करवला. पण याच राजाच्या हातात एकदा केंब्रिज विद्यापीठाचंही भवितव्य आलं होतं. त्याची मर्जी फिरली असती तर तिथल्या कॉलेजांच्या जमिनी, इमारती आणि उत्पन्न सगळं सरकारजमा झालं असतं.

ते झालं नाही, यात एका माणसाचा मोठा वाटा होता. त्याचं नाव मॅथ्यू पार्कर. त्याने ना बंड केलं, ना राजासमोर मोठी भाषणं ठोकली. त्याने राजाला हिशेब दाखवला.

विणकराचा मुलगा

पार्करचा जन्म 6 ऑगस्ट 1504 चा, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्विच शहरातला. वडील लोकरी कापडाच्या धंद्यात होते. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मॅथ्यू लहान असतानाच वडील गेले. पुढे शिक्षणासाठी तो केंब्रिजला आला आणि तिथल्या कॉर्पस क्रिस्ती कॉलेजचाच होऊन गेला. 1527 मध्ये तो पाद्री झाला आणि त्याच वर्षी कॉलेजचा फेलोही झाला.

त्याच्या कॉलेजला एक जुनी जखम होती. 1381 साली इंग्लंडभर शेतकऱ्यांचा उठाव झाला, तेव्हा केंब्रिजच्या गावकऱ्यांनी कॉर्पस क्रिस्ती कॉलेजवर हल्ला करून लूटमार केली. विद्यापीठाच्या सनदा भर बाजारात जाळल्या.

आता तुम्ही म्हणाल, गावकऱ्यांचा कागदांवर एवढा राग का?

सनदेत असं काय होतं?

केंब्रिजमध्ये विद्वान मंडळी 1209 च्या सुमारास जमली. नंतर एकामागून एक राजांनी विद्यापीठाला हक्क दिले. विद्यापीठातल्या लोकांचे खटले विद्यापीठाच्याच न्यायालयात चालायचे. गावच्या बाजारातली वजनंमापं बरोबर आहेत का, पाव आणि बिअर योग्य भावाने विकली जाते का, हेही विद्यापीठ तपासायचं. म्हणजे गावातल्या बेकरीवाल्याला दंड करणार कोण, तर विद्यापीठ. राग येणारच.

हे हक्क मिळायचे राजाच्या सनदेवर. आपल्याकडे इनामाची सनद असायची आणि गादीवर नवा माणूस आला की ती पुन्हा मंजूर करून घ्यावी लागायची, तसाच हा प्रकार. राजा बदलला की विद्यापीठाची माणसं जुने कागद घेऊन दरबारात जायची आणि नव्या राजाकडून मान्यता मिळवायची. एका राजाने दिलेलं दुसरा काढून घेऊ शकतो, ही धास्ती कायम असायची.

आठव्या हेन्रीच्या काळात ती खरी ठरायला लागली.

मठ गेले, आता नंबर कॉलेजांचा

पोपशी फारकत घेतल्यावर 1536 ते 1540 या काळात हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद केले. त्यांच्या जमिनी जप्त झाल्या आणि त्यातल्या बऱ्याच दरबारातल्या लोकांना विकल्या गेल्या किंवा वाटल्या गेल्या. त्यानंतर फ्रान्स आणि स्कॉटलंडशी युद्धं झाली आणि तिजोरी पुन्हा रिकामी पडली.

1545 च्या शेवटी पार्लमेंटने एक कायदा केला. मेलेल्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायला श्रीमंत लोक जमिनी दान द्यायचे आणि त्या उत्पन्नावर पाद्री नेमले जायचे. अशा संस्था ताब्यात घ्यायचा अधिकार या कायद्याने राजाला दिला. मेख अशी होती, की या कायद्याच्या कक्षेत कॉलेजंही येत होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची कॉलेजंसुद्धा.

याच काळात पार्करवर जबाबदारी आली होती. आधी तो राणी अ‍ॅन बुलिनचा खासगी धर्मगुरू होता. 1536 मध्ये तिला अटक व्हायच्या काही दिवस आधी तिने आपल्या छोट्या मुलीची, एलिझाबेथची, काळजी घ्यायला त्याला सांगितलं होतं, असं तो पुढे आयुष्यभर मानत राहिला. 1544 च्या डिसेंबरमध्ये तो कॉर्पस क्रिस्तीचा प्रमुख झाला. त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर कॉलेजच्या वस्तूंची यादी, कागदपत्रं आणि जमाखर्च नीट लावला. लगेच 1545 च्या सुरुवातीला तो विद्यापीठाचा व्हाइस चान्सलर, म्हणजे कुलगुरू झाला.

आणि वर्ष संपता संपता कायदा आला.

मोजणी कोण करणार?

दरबारातल्या काही लोकांचा आग्रह होता की कॉलेजांच्या जमिनींची मोजणी व्हावी. मोजणी झाली की चांगल्या जमिनी काढून घ्यायच्या आणि बदल्यात कॉलेजांना दुसरं काहीतरी द्यायचं, असा त्यांचा डाव असल्याचं पार्करने नंतर लिहून ठेवलंय.

विद्यापीठाने आपले हितचिंतक कामाला लावले. राजाची सहावी राणी कॅथरीन पार हिच्याकडे थॉमस स्मिथ या विद्वानामार्फत पत्र गेलं आणि फेब्रुवारी 1546 मध्ये तिने राजाकडे शब्द टाकल्याचं कळवलं. त्याआधी जानेवारीतच मोठी गोष्ट घडली होती. केंब्रिजची मोजणी करायला राजाने जे तीन लोक नेमले, ते तिघेही केंब्रिजचेच होते. पार्कर, जॉन रेडमन आणि विल्यम मे.

घरच्याच माणसांनी मोजायचं म्हटल्यावर आकडे लपवता आले असते. या तिघांनी राजाच्याच महसूल खात्यातले कारकून मदतीला घेतले. प्रत्येक कॉलेजची जमीन किती, भाडं किती येतं, प्रमुखाला, फेलोंना आणि विद्यार्थ्यांना किती दिलं जातं, दुरुस्तीवर किती जातं, असा सगळा तपशील काढला. त्याचा सारांश एका कागदावर मांडला आणि हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात तो राजासमोर ठेवला.

राजाने कागद वाचला आणि...

कागदावरून दिसत होतं की बहुतेक कॉलेजांचा खर्च उत्पन्नापेक्षा जास्त आहे. मग भागवता कसं, असं राजाने विचारलं. भाडेपट्टा नव्याने करताना मिळणारी रक्कम आणि जंगलातल्या लाकडाची विक्री यातून तूट भरून निघते, असं उत्तर तिघांनी दिलं.

पार्करच्या आठवणींनुसार राजाला नवल वाटलं. इतक्या थोड्या जमिनीवर इतक्या लोकांचा नीट उदरनिर्वाह होतो, असं राज्यात दुसरीकडे कुठे दिसत नाही, असं त्याचं मत पडलं. या जमिनींची अदलाबदल करून कॉलेजांची स्थिती बिघडवणं बरं नाही, असंही तो म्हणाला. जबडा उघडून बसलेल्या दरबाऱ्यांची निराशा झाली.

तिघांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली. राजा आपल्या माणसांसाठी कॉलेजांना पत्रं लिहायचा, की यांना तुमची अमुक जमीन द्या. राजाचं पत्र आलं की नाही म्हणणार कोण? यावर राजा हसला. सेवेतल्या माणसांसाठी पत्र लिहिणं मला टाळता येणार नाही, पण त्यांचं ऐकायचं की नाही हे तुमच्यावर सोडतो, असं त्याने सांगितलं.

त्याच वर्षी, 1546 च्या डिसेंबरमध्ये, हेन्रीने दोन जुन्या संस्था एकत्र करून केंब्रिजमध्ये ट्रिनिटी कॉलेज काढलं. खर्चासाठी मठांच्या जप्त जमिनींचं उत्पन्न दिलं. पुढे याच कॉलेजात न्यूटन शिकला आणि रामानुजन आले. पहिला प्रमुख झाला मोजणी करणाऱ्या तिघांपैकी जॉन रेडमन.

जे वाचलं नाही

पार्करला सगळंच वाचवता आलं नाही. सफोकमधल्या स्टोक-बाय-क्लेअर इथल्या एका धार्मिक कॉलेजचाही तो प्रमुख होता. ते पद त्याला अ‍ॅन बुलिनमुळे मिळालं होतं. तिथे त्याने मुलांसाठी शाळा उभी केली होती.

जानेवारी 1547 मध्ये हेन्री वारला. त्याचा लहान मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला आणि नवा, जास्त कडक कायदा झाला. या कायद्यात ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कॉलेजांना स्पष्ट सूट होती. स्टोकला नव्हती. ते बंद झालं आणि पार्करच्या हातात पेन्शन ठेवली गेली. म्हणजे कायद्यात नाव आहे की नाही, एवढ्यावर एक संस्था जगते आणि दुसरी मरते, हे त्याने स्वतः अनुभवलं.

1547 मध्येच त्याने मार्गारेट हार्लस्टनशी लग्न केलं. पण 1553 मध्ये कॅथलिक राणी मेरी सत्तेवर आली आणि लग्न केलेल्या पाद्र्यांची पदं गेली. पार्करचंही सगळं गेलं. तो लपून राहिला. एका रात्री पळताना घोड्यावरून पडला आणि ते दुखणं जन्मभर पुरलं.

अखेर पार्लमेंटचा शिक्का

1558 मध्ये अ‍ॅन बुलिनची ती छोटी मुलगी एलिझाबेथ राणी झाली. तिने पार्करला कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला सर्वोच्च धर्मगुरू केलं. त्याची फारशी इच्छा नव्हती, तरी डिसेंबर 1559 मध्ये त्याने पद स्वीकारलं.

केंब्रिजची जुनी धास्ती याच राणीच्या काळात मिटली. 1561 मध्ये तिने विद्यापीठाला सनद दिली. पण तीही शेवटी एका राणीचीच सनद होती. म्हणून 1571 मध्ये पार्लमेंटने ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी कायदा केला. तेव्हा ऑक्सफर्डचा कुलपती होता लेस्टरचा अर्ल आणि केंब्रिजचा राणीचा मंत्री विल्यम सेसिल, म्हणजे लॉर्ड बर्ली. आर्चबिशप म्हणून पार्करची जागा लॉर्ड्सच्या सभागृहात होती.

या कायद्याने तीन गोष्टी केल्या.

एक, दोन्ही विद्यापीठांना कायद्याच्या नजरेत स्वतंत्र अस्तित्व दिलं. त्यामुळे चान्सलर बदलला किंवा वारला तरी विद्यापीठ चालू राहतं, स्वतःच्या नावाने खटला लढवतं, स्वतःचा शिक्का वापरतं.

दोन, आधीच्या राजांच्या सनदा आणि त्यातले हक्क पक्के केले.

तीन, विद्यापीठांच्या ताब्यातल्या जमिनी आणि मालमत्तेला संरक्षण दिलं.

आता हे हक्क काढायचे तर राजाची मर्जी पुरणार नव्हती, पार्लमेंटमध्ये जावं लागणार होतं. या कायद्यातलं चान्सलर, मास्टर्स आणि स्कॉलर्स हे केंब्रिजचं कायदेशीर नाव आजही तेच आहे. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ कायद्याने स्थापन झालं, तेव्हा त्यालाही चान्सलर, व्हाइस चान्सलर आणि फेलो मिळून असंच कायदेशीर अस्तित्व देण्यात आलं.

मरताना पुस्तकांची सोय

मठ बंद झाले तेव्हा त्यांची ग्रंथालयंही उधळली गेली होती. पार्करने त्यातली हस्तलिखितं शोधायला माणसं पाठवली. 1568 मध्ये राणीच्या मंत्रिमंडळाने त्याला त्यासाठी अधिकारपत्र दिलं. इंग्लंडच्या चर्चची परंपरा रोमपेक्षा वेगळी आणि जुनी आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यामुळे तो हस्तलिखितांवर लाल रंगाने खुणा करायचा, पानंही इकडची तिकडे लावायचा. आजच्या अभ्यासकांना हे पटत नाही. पण त्याच्यामुळे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकलची सर्वात जुनी प्रत टिकली आणि सहाव्या शतकातलं सेंट ऑगस्टीन गॉस्पेल्सही.

हा संग्रह त्याने कॉर्पस क्रिस्ती कॉलेजला दिला, पण अट घालून. दरवर्षी शेजारच्या दोन कॉलेजांच्या लोकांनी येऊन पुस्तकं मोजायची. निष्काळजीपणामुळे ठरावीक संख्येपेक्षा जास्त पुस्तकं हरवली, तर संग्रह गॉनव्हिल अँड कीज कॉलेजला जाणार. त्यांनीही हरवली तर ट्रिनिटी हॉलला. म्हणजे तपासायला येणाऱ्यालाच पुस्तकं मिळणार असतील, तर तो मोजताना चुकेल कशाला?

17 मे 1575 रोजी लंडनच्या लँबेथ पॅलेसमध्ये पार्कर वारला. त्याला तिथल्याच चॅपलमध्ये पुरलं. 1648 मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, त्याची कबर फोडून हाडं उकिरड्यात टाकण्यात आली. राजेशाही परतल्यावर ती शोधून पुन्हा पुरावी लागली.

स्वतःच्या कबरीसाठी त्याला काही करता आलं नाही. त्याची पुस्तकं मात्र कॉर्पस क्रिस्तीमध्येच आहेत आणि आता इंटरनेटवरही पाहता येतात. त्यातलं सेंट ऑगस्टीन गॉस्पेल्स 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात नेलं होतं. सोहळा झाला आणि ते परत कॉलेजमध्ये आलं.