बाळ येशूच्या संत तेरेजेची श्रद्धा

गुलाबपुष्पांनीं आच्छादिलेला क्रूस उराशीं धरून मंद हास्य करणारी लिस्यूची संत तेरेजा आपल्या पुष्कळ देवळांतून दिसते. ती मूर्ति पाहून हिचें आयुष्य फुलांवरून चालण्यांतच गेलें असावें, असा समज भाविकांत सहज होतो. तो यथार्थ नाहीं. आणि ह्या ज्युबिलीच्या प्रसंगीं तिच्या चरित्राची दुसरी बाजूही आपणांपुढें मांडणें उचित वाटतें.

तेरेजेचा जन्म ता. २ जानेवारी १८७३ रोजीं फ्रान्स देशांतील आलांसों येथें झाला. पांचवें वर्ष पुरें होण्यापूर्वींच मातेचें छत्र हरपलें व वडील आपल्या पांच मुलींसह लिस्यू येथें राहावयास गेले.

१८८७ सालीं प्रांझिनी नांवाचा एक खुनी देहान्ताच्या शिक्षेची वाट पाहत होता. पॅरिसमध्यें दोन स्त्रिया व एक मुलगी ह्यांची त्यानें हत्या केली होती, आणि पश्चात्तापाचें चिन्हही त्याच्या ठायीं नव्हतें. चौदा वर्षांच्या तेरेजेनें त्याच्यासाठीं प्रार्थना केली, मिस्सा करविली. देव त्याला क्षमा करील ह्याविषयीं तिला संशय नव्हता; तरी केवळ आपल्या समाधानासाठीं एखादी खूण मिळावी, अशी तिनें विनवणी केली. शिरच्छेदापूर्वीं प्रांझिनीनें क्रूसाचें तीन वेळां चुंबन घेतलें, हें तिनें वर्तमानपत्रांत वाचलें. (वर्तमानपत्रें वाचण्यास वडिलांची मनाई होती; परंतु एवढ्यापुरती ती लागू नाहीं, असें ह्या गुणी मुलीनें ठरविलें!) मागितलेली खूण मिळाली.

ता. ९ एप्रिल १८८८ रोजीं, पंधरा वर्षांची असतां, ती कार्मेल मठांत दाखल झाली. तेथील पुढील आठ वर्षांच्या हकीकतींत येथें शिरत नाहीं. १८९६ च्या पवित्र गुरुवारच्या रात्रीं अंथरुणावर पडतांच तिच्या तोंडावाटे कांहीं उष्ण द्रव आला. दिवा विझविलेला होता. तो पुन्हा न लावतां ती झोंपी गेली, आणि सकाळीं खिडकीपाशीं जाऊन पाहते तों रुमाल रक्तानें भरलेला! क्षयरोगाची ती सुरुवात होती. तिला मात्र हर्ष झाला. स्वर्ग तिला इतका निश्चित होता कीं, श्रद्धाहीन माणसें जगांत खरोखर असूं शकतात, हेंच तिला पटत नसे.

त्याच ईस्टरच्या दिवसांत तो प्रकाश मावळला. ज्या स्वर्गाच्या विचारांत बाळपणापासून तिचा विसावा, तोच आतां झगड्याचें कारण झाला. मरणापलीकडे कांहीं नाहीं, शून्याची रात्र तेवढी आहे, असा उपहास अंतःकरणांत ऐकूं येई. ह्या वेळीं खूण मिळाली नाहीं. दर्शनांची तिला इच्छाही नव्हती. ती त्या विचाराशीं वाद घालीत बसली नाहीं. त्याच्याकडे पाठ फिरवून येशूकडे धांव घेई, आणि स्वर्ग आहे ह्या साक्षीसाठीं रक्ताचा अखेरचा थेंब देण्यास मी सिद्ध आहें, असें त्याला सांगे. विश्वासांगिकार तिनें आपल्या रक्तानें लिहून हृदयाशीं बाळगला होता. तिचीं गीतें वाचणारांस ती स्वर्गसुखांत बुडाली आहे असें वाटे; परंतु जें मानावयाचें तिनें ठरविलें होतें त्याचीं तीं गीतें होतीं, जें जाणवत होतें त्याचीं नव्हेत.

माझ्या मतें ह्याहूनही मोठी गोष्ट पुढें आहे. प्रांझिनीसाठीं तिनें दुरून प्रार्थना केली होती. आतां श्रद्धाहीनांना तिनें आपले भाऊ म्हटलें, आणि त्यांना प्रकाश मिळेपर्यंत त्यांच्याच पंक्तीस बसून दुःखाची भाकर खाण्याचें पत्करलें. १८९७ च्या जूनमध्यें मठाध्यक्षांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या वहींत हें सर्व आहे.

ता. ३० सप्टेंबर १८९७ रोजीं सायंकाळीं, वयाच्या २४ व्या वर्षीं, हातांतील क्रूसाकडे पाहत तिनें देवावरील आपलें प्रेम एका लहानशा वाक्यांत उच्चारलें आणि प्राण सोडला. तो अंधार सुरू होऊन तेव्हां सुमारें अठरा महिने झाले होते.