विवेकाचा खराटा हाती घेतलेले संत गाडगेबाबा

आषाढ शुद्ध एकादशी आली की पंढरीच्या वाटा टाळमृदंगाच्या घोषाने दुमदुमून जातात. ज्यांच्या नशिबी पंढरीची वारी असते ते चंद्रभागेच्या वाळवंटी जातात. ज्यांना ती घडत नाही ते पालघर-बोईसर मार्गावरील बेटेगावासारख्या गावात राहूनही देव्हाऱ्यातील विठोबाला तुळस वाहतात, उपवास करतात आणि हरिनामात दिवस घालवितात. भक्तीला स्थळाचे बंधन नाही. मात्र भक्तीबरोबर विवेक असावा लागतो, हे आपल्या संतांनी पुनःपुन्हा बजावले आहे. हंसाने दूध आणि पाणी वेगळे करावे तसे सार कोणते व असार कोणते हे मनाशी निवडणे म्हणजे विवेक. हा विवेक पोथीतून उचलून गावच्या चावडीवर, नदीच्या घाटावर आणि गरिबाच्या चुलीपाशी आणून ठेवणारे सत्पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा होत. आजच्या पवित्र दिनी त्यांच्या चरित्राचे स्मरण करणे उचित ठरेल.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. पाळण्यातील नाव देबूजी, वडील झिंगराजी आणि आई सखूबाई. कुळाचाराच्या नावाखाली कोंबडी-बकरी कापावी आणि सोबत दारू प्यावी, अशी त्या काळी समाजाची रीत होती. या रीतीपायी झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले आणि त्यातच त्यांचा देह पडला. देबू तेव्हा अजाण वयाचा होता. पोरक्या लेकराला घेऊन सखूबाई मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या माहेरगावी आल्या. तेथे गुरे राखणे, नांगरणे, पेरणे यांत देबू तरबेज झाला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पण डोळे उघडे ठेवून पाहण्याची विद्या त्याला उपजतच लाभली होती.

या विद्येची पहिली कसोटी घरातच लागली. मामा चंद्रभान भोळे आणि निरक्षर. गरजेपोटी त्यांनी सावकाराकडून पैसे उचलले. कागदावर काय लिहिले आहे हे न जाणताच अंगठे उठविले आणि पाहता पाहता घरची सुपीक जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामांनी अंथरूण धरले व त्यातच ते निवर्तले. कब्जा घ्यावयास आलेल्या माणसांना तरुण देबूने शेतात पाऊल टाकू दिले नाही. परंतु त्याहून महत्त्वाचे असे की, ही आपत्ती कोणत्या ग्रहाच्या कोपाने आली याचा शोध तो करीत बसला नाही. कर्ज, अज्ञान आणि न वाचता उठविलेला अंगठा ही तिची कारणे त्याने स्वच्छ ओळखली. वडिलांच्या मृत्यूचे कारण दारू आणि मामांच्या मृत्यूचे कारण ऋण. पुढील आयुष्यभर बाबा ज्या दोन शत्रूंशी झुंजले, त्यांची ओळख त्यांना अशी स्वतःच्या उंबरठ्याच्या आतच पटली होती.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. यथाकाल कन्यारत्न झाले. बारशाला जातभाईंना मांस आणि मद्य द्यावे हा शिरस्ता होता. न दिल्यास जातीत नाव खाली जाणार, द्यावे तर कर्ज काढावे लागणार. देबूने सर्वांना गोडाचे जेवण वाढले. लोकांनी नाके मुरडली, पण तो डगमगला नाही. लोक काय म्हणतील या भयावर विवेकाने मिळविलेला हा पहिला विजय होय. समाज सुधारण्यापूर्वी त्याने आपले अंगण झाडले, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हाती खराटा आणि एक फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. त्याच गाडग्यात भाकरी घ्यावी आणि त्यातच पाणी प्यावे. त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरताच ते प्रथम रस्ते झाडीत, गटारे उपसत आणि मगच भाकरतुकडा स्वीकारीत. श्रमावाचून अन्न घ्यावयाचे नाही, हा त्यांचा दंडक होता. ते कोणाचे गुरू झाले नाहीत, त्यांनी शिष्य केला नाही आणि कोणी पायांवर डोके ठेवू लागला तर त्यांना ते खपत नसे.

दिवसा खराट्याने गाव स्वच्छ करावे आणि रात्री कीर्तनाने मने स्वच्छ करावी, असा त्यांचा नित्यक्रम होता. गोपाळनामाच्या गजराने सारा समुदाय एका तालावर आला की वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारू लागत. त्यांच्या कीर्तनाचे मर्म या प्रश्नांतच होते. बोकडाचा जीव घेऊन आपल्या लेकराला आयुष्य कसे लाभणार, सावकाराचे पैसे काढून उठविलेल्या पंगतीचे पुण्य कोणाच्या पदरी पडते, माणसाला विटाळ मानून देवाला काय पोचते, असे साधे प्रश्न ते समोर ठेवीत. उत्तर श्रोत्यांच्या मुखातूनच येई. दुसऱ्याने सांगितलेले मनुष्य विसरतो. स्वतःच्या बुद्धीने काढलेला निष्कर्ष त्याला सहसा सोडीत नाही. हे गमक या निरक्षर पुरुषाने अचूक हेरले होते.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथील स्नानाने ऋण फिटते अशी श्रद्धा. बाबांनी तेथे येणाऱ्या भाविकांची थट्टा केली नाही. निसरड्या काठावर वृद्धांचे व बायाबापड्यांचे हाल होतात हे पाहून त्यांनी लोकवर्गणीतून व श्रमातून घाट बांधविला. मात्र कर्जातून सुटण्याचा मार्ग कीर्तनात सांगताना त्यांनी व्यसन सोडा, उधळपट्टी टाळा, मुलांना शिकवा असेच सांगितले. श्रद्धेला धक्का न लावता तिला विवेकाची जोड कशी द्यावी, याचा हा उत्तम नमुना होय.

पंढरपुरात तर त्यांनी मोठेच कार्य केले. ज्या चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही त्यांच्याच नावाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा उभारली. विठ्ठलमंदिराची दारे सर्वांना उघडावी म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावले ते १९४७ च्या मे महिन्यात. बाबांच्या धर्मशाळेचे दार त्यापूर्वी पंचवीस वर्षांहून अधिक काळ उघडे होते. १९४९ साली ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नाशिक, देहू, आळंदी येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांच्या नातलगांची सोय झाली. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर उभे राहिले, परंतु त्यातील एक पैही त्यांच्या संसाराकडे वळली नाही. एकुलता एक पुत्र गोविंदा निवर्तल्याची वार्ता कोकणात कीर्तन चालू असताना आली, तरी त्यांनी कीर्तन थांबविले नाही. १९५२ साली त्यांच्या संस्थांची घडी गाडगे महाराज मिशनच्या रूपाने बसविण्यात आली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात त्यांनी देह ठेवला.

बाबांची शिकवण आपल्या या भागाला किती जवळची आहे, हे इतिहास सांगतो. डहाणू, उंबरगाव, पालघरच्या पट्ट्यात एके काळी लग्नगडी हा शब्द सर्वांच्या परिचयाचा होता. लग्नासाठी सावकाराकडून थोडके पैसे घ्यावे आणि त्यापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबावे, अशी ती वेठ होती. कर्जाचा आकडा मालकाच्या वहीत आणि वही वाचणारा घरात कोणी नाही! १९४५ सालच्या वारली आदिवासींच्या उठावाने ही गुलामगिरी मोडली. वऱ्हाडातील दापुरे आणि कोकणपट्टीतील ही गावे यांच्यात शेकडो मैलांचे अंतर. परंतु दुःखाचे मूळ एकच होते.

ती वेठ गेली. भातशेतीच्या शेजारी तारापूरची कारखानदारी आली आणि महिन्याच्या वेतनाची घरे वसली. तरीही ऐपतीबाहेरचा लग्नसोहळा, शेजाऱ्याच्या बरोबरीने करावयाचा खर्च, सणाच्या निमित्ताने होणारे मद्यपान आणि उत्सव आटोपल्यावर रस्त्यावर पडून राहणारा कचरा यांतून आपण सुटलो आहोत काय? देवाच्या नावाने होणाऱ्या प्रत्येक खर्चापूर्वी याने देव संतुष्ट होतो की आपला मोठेपणा, एवढा एकच प्रश्न घरातील कर्त्या माणसांनी एकत्र बसून स्वतःला विचारला तर पुष्कळ ऋणे जन्मालाच येणार नाहीत. वाचलेल्या पैशातून मुलीचे शिक्षण होईल, आजाऱ्याचे औषध होईल.

एकादशीचा उपवास हा केवळ पोटाचा नसून अविचाराचाही असावा. उद्या द्वादशीला पारणे सोडण्यापूर्वी घरासमोरचा रस्ता आपल्या हाताने झाडावा आणि दारी आलेल्या भुकेल्याला, त्याची जात न विचारता, आपल्याआधी जेवू घालावे. पांडुरंगाची अशी पूजा बाबांनी आयुष्यभर केली. ती करण्यास पंढरपुरापर्यंत जावेच लागते असे नाही.