काचेवरची शीट आणि लक्ष्मणराव

पुण्याहून मिरजेकडे जाताना कराड मागे पडलं की काही वेळाने किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. आजोळी जाताना मी लहानपणापासून ते नाव वाचत आलोय. पण माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. किर्लोस्कर म्हणजे मामाच्या विहिरीवरच्या पंपावरचं नाव, एवढंच मला माहीत! (मराठीतल्या चुका सांभाळून घ्या, ही विनंती.)

गेल्या उन्हाळ्यात ट्रेनिंगला एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. तिथल्या एका जुन्या कामगाराने माझ्यापुढे ड्रॉइंग ठेवलं आणि आतला बोअर कुठपर्यंत जातो, ते विचारलं. साधा सेक्शनल व्ह्यू होता. मला सांगता येईना. त्यांनी काही न बोलता ड्रॉइंग उचललं आणि स्वतःच मोजमाप काढलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण उघड आहे. पहिल्या वर्षाच्या माझ्या सगळ्या शीट्स जीटीच्या! हॉस्टेलवाल्यांना जीटी म्हणजे काय ते सांगायला नको. काच, खाली दिवा, काचेवर सीनियरची शीट आणि तिच्यावर आपली. सरांनाही हे ठाऊक असतंच!

ट्रेनिंग संपवून आजोळी गेलो, तेव्हा आजोबांच्या कपाटात लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्र मिळालं. अडखळत वाचायला घेतलं आणि पहिल्याच काही पानांत कळलं की हा माणूस मूळचा ड्रॉइंगचा मास्तर!

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन लागेना, चित्रांची आवड. १८८५ साली मोठे भाऊ रामुअण्णा यांच्या पाठबळावर ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोन वर्षांनी कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराला रंगच कळत नाहीत म्हटल्यावर संपलंच की! आपल्यापैकी कुणी असता तर घरची गाडी धरली असती. त्यांनी रंग सोडले, रेषा सोडल्या नाहीत. मेकॅनिकल ड्रॉइंगला रंग लागत नाहीत. ते त्यात तयार झाले आणि तेव्हा भायखळ्याला असलेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. मशीन्स स्वतःच्या हाताने उघडून शिकले. इंजिनिअरिंगची डिग्री मात्र त्यांच्याकडे कधीच नव्हती.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. या पानावर मी थांबलो. राजीनामा देणं वाटतं तितकं अवघड नाही. पण दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या हातात काय उरतं? लक्ष्मणरावांच्या हातात त्यांचं काम होतं. मशीन बघितलं की ते कागदावर उतरवता येत होतं, कागदावरचं लोखंडात उतरवायची हिंमत होती. म्हणून त्यांना स्वाभिमान परवडला. माझ्या हातात काय होतं? काचेवरच्या शीट्स!

ते बेळगावला आले. तिथे भावाबरोबर सायकल विकण्याचा, दुरुस्तीचा धंदा होताच. त्यातून आधी कडबा कापायचं यंत्र आलं आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन उकरतो, लोखंडी नांगर माती उलथून टाकतो. फायदा दिसत होता, पण लोखंडाने जमिनीला विष बाधेल असं शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्याला कॅम्पसच्या दोन कंपन्यांनी नाही म्हटलं की जेवण जात नाही.

धंदा जरा रुळतोय तोच नगरपालिकेने त्यांना जागा सोडायला लावली. त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी १०,००० रुपये बिनव्याजी दिले आणि संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितलं. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन घेतली. सगळा खडकाळ माळ, निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत सुरू झाली. तेच स्टेशन पुढे किर्लोस्करवाडी झालं.

या वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हे. दरोड्यासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या माणसांना त्यांनी राखणदार नेमलं, आणि त्या माणसांनी विश्वास राखला. पहिल्या महायुद्धात परदेशातून लोखंड येईना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर झाला!

१९२० साली कारखान्याचं एक पत्रक म्हणून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं आणि पुढे ते महाराष्ट्रभर वाचलं जाणारं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकून आला आणि धंदा फार मोठा झाला. तो भाग सगळ्यांना माहीत आहे. २६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले.

मित्रांनो, सगळ्यांनी नोकऱ्या सोडा आणि कारखाने काढा, असं मला सांगायचं नाही. मी स्वतः प्लेसमेंटची वाट बघणार आहे. माझ्या शिक्षणाचं कर्ज आहे. पण नोकरी करतानाही कधीतरी असा दिवस येईल, की खोट्या कागदावर सही करायची की नाही, अन्याय गिळायचा की नाही, हे ठरवावं लागेल. नाही म्हणायला हातात स्वतःचं काम लागतं. ज्याचं कामच दुसऱ्याचं ट्रेस केलेलं, त्याला मान खाली घालावीच लागते. वर्कशॉपमध्ये मी घातलीच ना!

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरचा एक ज्युनियर माझ्या शीट्स मागायला आला. मी दिल्या नाहीत. बस, समजावून सांगतो, म्हटलं. तो हसला आणि शेजारच्या रूममधून घेऊन गेला. त्याला काय बोलणार? दोन वर्षांपूर्वी मीही तेच केलं असतं.

आता मी पहिल्या वर्षाच्या शीट्स पुन्हा काढायला घेतल्यात. मार्क नाहीत, सबमिशन नाही. तीन झाल्या आहेत. रेषा जाड-बारीक होतात, एक व्ह्यू अजून चुकतो. पण कुठे चुकतो, ते आता मला सांगता येतं.