रमण महर्षी आणि डाव्या हातावरची गाठ

कोल्हापूर - जोतिबाच्या डोंगराकडे पाहून हात जोडणाऱ्या कोल्हापूरकरांना डोंगरालाच देव मानण्याची श्रद्धा नवी नाही. तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथील अरुणाचल हा असाच एक डोंगर. भाविक त्यालाच शिव मानून प्रदक्षिणा घालतात. याच डोंगराच्या आश्रयाला भगवान रमण महर्षींनी त्रेपन्नहून अधिक वर्षे काढली आणि १४ एप्रिल १९५० रोजी तेथेच देह ठेवला. निमित्त झाले मऊ ऊतींच्या दुर्मिळ आणि आक्रमक कर्करोगाचे. वैद्यकशास्त्र त्याला सार्कोमा म्हणते.

३० डिसेंबर १८७९ रोजी तिरुचुळी येथे जन्मलेल्या व्यंकटरमणला सोळाव्या वर्षी मदुराईत मृत्यूच्या भीतीने अचानक ग्रासले. तो जमिनीवर निश्चल पडून राहिला. देह मेला तर मागे उरणारा मी कोण, हा शोध त्या क्षणी सुरू झाला. काही आठवड्यांतच घर सोडून १ सप्टेंबर १८९६ रोजी तो अरुणाचलाशी पोचला. पुढे जगभरातून माणसे त्यांच्याकडे येऊ लागली. नामदेवांच्या नाममहिम्याविषयी त्यांना विशेष आस्था होती आणि गोरोबाकाकांनी संतांची मडकी पारखल्याची कथा ते भक्तांना सांगत.

१९४८ च्या अखेरीस त्यांच्या डाव्या कोपराखाली एक लहानशी गाठ दिसू लागली. ९ फेब्रुवारी १९४९ रोजी आश्रमाच्या डॉक्टरांनी ती काढली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा वाढली. मार्चअखेर मद्रासहून आलेल्या शल्यविशारदांनी दुसरी शस्त्रक्रिया केली. तपासणीत सार्कोमाचे निदान झाले आणि रेडियमचे उपचार झाले. ७ ऑगस्ट आणि १९ डिसेंबर रोजी पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, तरी रोग दंडाकडे सरकतच राहिला.

प्रौढांच्या शंभर कर्करोगांत साधारण एकच सार्कोमा असतो. स्नायू, चरबी, मज्जातंतूंची आवरणे अशा ऊतींत तो उद्भवतो. सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाही आणि तेथेच फसगत होते. वरवर गाठ निघाली तरी भोवतीच्या ऊतींत पेशी उरतात आणि ती परतते. म्हणून आज वाढत्या गाठीला हात लावण्यापूर्वीच एमआरआय आणि बायोप्सी केली जाते. शस्त्रक्रियेला किरणोपचाराची जोड देऊन बहुतेक रुग्णांचा हात वा पाय वाचवताही येतो. १९४९ मध्ये एमआरआय नव्हते. हात कापणे हाच डॉक्टरांना दिसणारा मुख्य मार्ग होता.

महर्षींनी त्याला नकार दिला. एरवी मात्र ते विलक्षण आज्ञाधारक रुग्ण होते. अॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, ज्याने जे आणले ते त्यांनी भक्तांच्या समाधानासाठी घेतले. त्यांनी मनात आणले तर रोग जाईल, असे अनेक भक्त मानत आणि तशी विनवणीही करत. त्यांनी तसला चमत्कार करून दाखवला नाही. वेदना होत नाहीत, असेही त्यांनी कधी भासवले नाही. देह दुखतो एवढे ते मान्य करत आणि देह म्हणजे आपण नव्हे, ही आयुष्यभराची शिकवण तशीच सांगत. ती शिकवण ऐकायला सोपी. फुगलेला, रक्तस्राव होणारा हात घेऊन ती सांगणारा माणूस समोर असताना भक्तांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

हाताखेरीज आणखी एका बाबतीत ते अडून राहिले. विश्रांतीसाठी दर्शन बंद करावे, असे उपचार करणाऱ्यांना वाटे. लांबून आलेल्यांना परत पाठवणे त्यांना मान्य नव्हते. अखेर ते असलेल्या लहानशा खोलीच्या दारासमोरून रांग पुढे सरकत राही, असा मार्ग निघाला. शेवटच्या दिवशीही ती रांग होती.

त्या रात्री बाहेर बसलेल्या भक्तांनी त्यांनीच रचलेले अरुणाचलाचे स्तोत्र गायला सुरुवात केली. ते ऐकताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. ८ वाजून ४७ मिनिटांनी श्वास थांबला. त्याच सुमारास आकाशातून एक तेजस्वी उल्का जाताना अनेकांनी पाहिली. त्यांत तेव्हा तिरुवण्णामलैत आलेले विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँही होते. दुसऱ्या दिवशी आश्रमातच, आईच्या समाधीशेजारी, महर्षींना समाधी देण्यात आली.